वार आली, नाळ आली नाही

हे मी लिहू शकते, कारण आईला वाचता येत नाही आणि भाऊ मोबाइलवरचं सोडून काही वाचत नाही. दोघांपैकी एकाला जरी वाचायची खोड असती, तरी मी गप्प बसले असते. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आमचं घर भिवंडीजवळ, दिघाशीच्या बाजूला. घरात तेव्हा चौघं होतो: आई, मी, माझ्याहून चार वर्षांनी धाकटा भाऊ आणि त्याची बायको. वडील आधीच गेले होते. भाऊ ज्या गोदामात सुपरवायझर आहे ते आमच्याच विकलेल्या शेतावर उभं आहे. जिथे आजोबा भात लावायचे तिथे आता हा गळ्यात ओळखपत्र अडकवून ट्रकचे नंबर लिहितो. मी तिशी ओलांडून बिनलग्नाची, मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करणारी. गावात कुणी विचारलं की आई सांगायची, "ती रक्ताच्या नळ्यांचं शिकते." ऐकणारा मान हलवायचा आणि पोरगी हातची गेली असं मनात म्हणायचा.

आईचं सांगणं तसं बरोबरच होतं. रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच थर असतो. एक पेशी जाडीचा, बस. त्या थरातल्या पेशी कोणत्या रासायनिक इशाऱ्यावर स्वतःला मारतात, हा माझा विषय. त्यासाठी माणसाच्या जिवंत पेशी लागतात, आणि जिवंत माणूस आपली रक्तवाहिनी कापून देत नाही. म्हणून जगभर यासाठी बाळाची नाळ वापरतात. बाळ जन्मलं की तिचं काम संपतं, कचऱ्यातच जायची असते. तिच्यात एक जाड शीर असते. ती धुवायची, आत एक पाचक द्रव भरायचा, दोन्ही टोकं बांधून ऊब द्यायची. थोड्या वेळानं आतल्या पेशी सुटून येतात. त्या बशीत घालून खाऊपिऊ घातलं की चार-पाच दिवसांत गोदामाच्या आवारातल्या पेव्हर ब्लॉकसारख्या एकमेकींना चिकटून बसतात. बाकीची नाळ कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत.

भिवंडीत निजामपुऱ्यात लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, गल्लीमागे एक प्रसूतिगृह आहे, तिथून मी नाळा आणायचे. तिथल्या डॉक्टरीणबाईंची परवानगी होती, आमच्या संस्थेच्या नीतिसमितीचा कागद होता, बाळाच्या आईच्या सहीचा नमुना मराठीत, हिंदीत, उर्दूत होता. सगळं रीतसर. आयाबाई फोन करायच्या, "मॅडम, आ जाव, आज लंबी निकली है." मी थर्मास घेऊन धावायचे. एकदा एका लूमवाल्या बापानं बाटलीत डोकावून विचारलं होतं, "इसमें जान होती है क्या?" मी म्हटलं, "दो-चार घंटे." तो हसला आणि शिफ्टला निघून गेला. त्या दोन-चार तासांतला निम्मा वेळ मुंबईच्या वाटेवरच्या कशेळीच्या पुलावर ट्रकांच्या मागे जायचा. मांडीवर कुणाच्या तरी बाळाची नाळ घेऊन मी तिथे जितक्या शिव्या दिल्यात तितक्या आमच्या गावच्या भांडणांतही कुणी दिल्या नसतील.

घरी यातलं काही ठाऊक नव्हतं. नाळ हा शब्दच घरात काढायची सोय नव्हती. आमच्यात बाळामागून पडणारी वार आणि नाळ दवाखान्यातून मागून आणतात. घरातली थोरली बाई परसात खड्डा खणते, हळदकुंकू वाहून दोन्ही पुरते, वर दगड ठेवते. मग पोर त्या मातीचं झालं. ज्याची नाळ पुरली नाही ते पोर टिकत नाही, असं आईच्या सासूनं आईला सांगितलं होतं आणि आई ते देवाच्या शब्दासारखं धरून होती. मी एकदा विचारलं, "मग माझी कुठे पुरलीस?" आई म्हणाली, "तुझी दवाखान्यातच ऱ्हायली. पोरीचं काय, ती जायचीच असते." मी टिकले ते टिकलेच, गेलेही नाही, हा भाग आईनं हिशेबात धरला नव्हता. भावाची मात्र शेताच्या कोपऱ्यात वाजतगाजत पुरली होती. तो कोपरा आता गोदामाच्या भिंतीला लागून आहे.

वहिनीला दिवस गेले तेव्हाच माझी पीएचडीची वर्षं संपत आली होती. आमच्या उबवणीच्या कपाटात बुरशी शिरली आणि लागोपाठ तीन नाळांच्या पेशी सडल्या. आयाबाई गावाला गेल्या. मार्गदर्शक बाईंनी एकदा शांतपणे सांगितलं की या महिन्यात निकाल दिसले नाहीत तर विषय सोडून द्यावा लागेल. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आणि घरात वहिनी नवव्या महिन्यात हिंडत होती. साखर नाही, रक्तदाब नाही, वय चोवीस, पहिलटकरीण. मला हवी तशी. भात वाढताना ती वाकली की मी तिच्या पोटाकडे बघायचे. तिला वाटायचं आत्याला भाच्याची ओढ लागली. मी आत नाळ किती लांब असेल याचा अंदाज घेत होते. हे लिहिताना मला लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

तिला त्याच प्रसूतिगृहात न्यायचं मीच ठरवलं. चांगल्या डॉक्टरीणबाई आहेत, माझी ओळख आहे, असं सांगितलं. दोन्ही खरं होतं.

कळा चालू असताना सही घ्यायची नाही, असा आमचा नियम आहे. मी नियम पाठ असलेली बाई. पण घरी नाळेचा विषय काढायची सोय नव्हती, आणि त्या दिवशी दवाखान्यात सकाळी दहापर्यंत तिला मोकळं गाठता आलंच नाही, आई सारखी उशाशी. शेवटी आई चहा घ्यायला खाली गेली तेव्हा वहिनी बाकावर भिंतीला टेकून बसली होती, कपाळावर घाम. मी कागद पुढे केला.

"हे कसलं, ताई?"

"नाळ मला कामाला लागते. त्याचा कागद आहे. सही कर."

"आईंना इचारलंव?"

"आईचं मी बघते."

तिनं पेन घेतलं. आडनाव लिहिता लिहिता कळ आली आणि शेवटचं अक्षर रेघेखाली घसरत गेलं. मी कागद घडी करून पिशवीत टाकला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. हात फिरवल्याचंही मला नीट आठवतं, कारण ते तिला बरं वाटावं म्हणून केलं नव्हतं. आई जिन्यावरून वर येत होती.

मुलगा झाला. नाळ लांब आणि गुबगुबीत होती, एकही गाठ नाही. बदलीवर आलेल्या आयाबाईंनी वार पिशवीत घालून बाहेर आईच्या हातात दिली, आणि मी मागच्या दारानं थर्मास घेऊन निघाले. भाच्याचं तोंड मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. त्याची नाळ त्याच्याआधी पाहिली. कशेळीचा पूल त्या दिवशी मोकळा होता आणि मला तो शुभशकुन वाटला.

संध्याकाळी घरी आले तर आई मागच्या पायरीवर बसलेली, कोपरापर्यंत हात मातीनं भरलेले. खड्डा खणून ठेवलेला. पिशवी उघडी.

"वार आली. नाळ न्हाय आली," ती म्हणाली. "मुळातून कापलीय. तू व्हतीस ना तिथं? कुठं हाय नाळ?"

"कचऱ्यात गेली असेल, आई. तिथे कोण सांभाळून ठेवतं?"

"उद्या जाऊन आण."

"आता कुठून आणू?"

आईनं वार तशीच पुरली. दगड ठेवला. पण हात धुतल्यावर पदराला पुसायचेही विसरली आणि ओल्या हातांनीच बसून राहिली. मी आत जाऊन जेवले. माझ्या पेशी बशीला चिकटल्या होत्या, निघताना पाहून आले होते. बऱ्याच महिन्यांनी त्या रात्री मला गाढ झोप लागली.

तिसऱ्या दिवशी वहिनीला घरी आणलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या तयारीत खोलीत डोकावले, तर आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. समोर वाटी. वाटीत खोबरेलात कालवलेली काळपट माती. आई ती बोटानं बाळाच्या बेंबीला, कापलेल्या देठाभोवती, थापत होती.

आई आदल्या दिवशी गोदामावर गेली होती. वॉचमनला सांगून भिंतीकडेच्या कोपऱ्यातली माती खरवडून आणली होती, भावाची नाळ जिथे होती तिथली. नाळ नाही तर नाळेची माती. बापाची माती पोराला ओळखेल आणि धरून ठेवेल, असा तिचा विचार. त्या कोपऱ्यात आता ट्रक उभे राहतात, ड्रायव्हर तिथेच मुततात, गोदामवाल्यांनी भराव टाकलाय तो कुठून आणला देव जाणे. भावाच्या नाळेची माती त्या भरावाखाली कितीतरी हात खोल असेल. आईला ते दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

"आई, ते पुसून टाक," मी म्हटलं. "बेंबीला माती लावायची नसते."

आईनं मान वर केली नाही. "मंग नाळ आणून दे."

एवढंच. यावर मला एकच वाक्य बोलायचं होतं. नाळ माझ्याकडे आहे, मी नेली, पुरायची म्हणशील तर पिवळ्या पिशवीतून उरलेला तुकडा शोधून आणून देते, पण आधी ती माती धू. आई रडली असती, मला मारलं असतं, भावानं आठ दिवस तोंड पाहिलं नसतं. आणि दुसऱ्या दिवशी आईनं प्रसूतिगृहाच्या दारात उभं राहून आरडाओरडा केला असता, मग माझी परवानगी गेली असती. हे सगळं माझ्या डोक्यात क्षणात येऊन गेलं. वहिनी खाटेवर पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होती.

"मला उशीर होतोय," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

त्या दिवशी प्रयोगशाळेत मी काय केलं तेही सांगते. कोपरापर्यंत हात धुतले. हातमोज्यांवर स्पिरिट मारलं. बाटल्यांच्या तोंडावर ज्योत फिरवली. मास्क लावून, श्वास जपून, त्याच बाळाच्या पेशींचं पाणी बदललं. त्या बशीत धुळीचा एक कण पडला असता तर मी अख्खी बशी फेकून दिली असती.

आता तो इशारा. शरीरात जंतू शिरले की पांढऱ्या पेशी एक प्रथिन सोडतात. आम्ही त्याला टीएनएफ म्हणतो. ते रक्तातून फिरत रक्तवाहिनीच्या आतल्या पेशीवर येऊन बसतं. तिच्या अंगावर त्याच्यासाठी जागा असते, जन्मतःच. ते बसलं की पेशीच्या आत निरोप जातो, मर. आत कात्र्या असतात, मिटून ठेवलेल्या. एक उघडते, ती दुसरी उघडते, आणि पेशी स्वतःचं आतलं सगळं पद्धतशीर कापायला घेते. बाहेरून कुणी तिला हात लावत नाही. ती आक्रसते, शेजारणींचे हात सोडते, भात रटरटताना येतात तसे बुडबुडे अंगावर येतात आणि तिच्या लहान लहान पुड्या होतात. शेजारच्या पेशी त्या पुड्या खाऊन टाकतात. काही सांडत नाही.

पण नुसत्या या निरोपानं सुदृढ पेशी सहसा मरत नाही. तोच इशारा तिला दुसरंही सांगतो, सावर. ती घाईघाईनं वाचवणारी प्रथिनं बनवते आणि तगते. तिला मारायचं असेल तर आधी दुसरं एक औषध घालून तिचं प्रथिन बनवणंच बंद पाडावं लागतं. मग इशारा द्यायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पेशीला ओरडता आलं असतं तर ती वाचली असती. माझा सगळा प्रबंध याच्यावर आहे.

पाचवी पुजली. सहाव्या दिवशी बाळानं अंगावर ओढणं सोडलं. बेंबीभोवती लालबुंद कडं आलं होतं आणि वास येत होता. आईनं निघताना ओल्या फडक्यानं बेंबी घासून पुसली, हे मी पाहिलं. गावातली रिक्षा करून भिवंडीत लहान मुलांच्या दवाखान्यात नेलं. तिथे काचेच्या पेटीत ठेवलं, नळ्या लावल्या. डॉक्टर तरुण होता, डोळे तारवटलेले.

"बेंबीला काय लावलं होतं? राख, माती, हळद?"

"काय न्हाय, डॉक्टर," आई म्हणाली. "नुसतं तेल."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मीच त्यातल्या त्यात शिकलेली दिसत होते. "तुम्ही घरातच असता ना? काही लावलं होतं?"

"मी दिवसभर कामाला असते," मी म्हटलं. हेही खरंच होतं. माझी सगळी उत्तरं खरीच असायची.

त्यानं खांदे उडवले. औषध तेच द्यायचं होतं, म्हणाला. जंतू रक्तात गेलेत, रक्तवाहिन्या झिरपायला लागल्यात, प्रयत्न करू. भाऊ विचारत होता झिरपतात म्हणजे काय, आणि डॉक्टर बिचारा हातवारे करून सांगत होता. मी त्याच्याहून चांगलं सांगू शकले असते. काचेतून बाळाच्या पायांवर निळसर जाळी उमटलेली दिसत होती. त्या जाळीखाली काय चाललंय ते मला पेशीपेशीनं ठाऊक होतं. कोणती कात्री आधी उघडते आणि कोणती मग, हे सुद्धा.

आठव्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत गेले. माझ्या पेशी भरून आल्या होत्या. या पेशींना वय असतं, आज केलं नाही तर उद्या त्या कामाच्या राहत नाहीत. दवाखान्यात बसून मी काय करणार होते, असं मी स्वतःला कशेळीपर्यंत सांगत गेले, आणि पुढे सांगायची गरज उरली नाही. अर्ध्या बशा तशाच ठेवल्या. अर्ध्यांत आधी ते तोंड दाबणारं औषध घातलं, मग इशारा.

दुपारी मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते तेव्हा फोन थरथरला. भावाचा. हातात मोजे होते. मी उचलला नाही. परत आला, नाही उचलला. बशीतल्या पेशी गोल होऊन सुटत होत्या, एकेक, मग ढिगानं. वेळ गेला तर पंचाईत, म्हणून मी आधी फोटो घेतले, पेशी रसायनात स्थिर केल्या, खुणा लिहिल्या, मोजे काढले, हात धुतले आणि मग फोन लावला. बाळ जाऊन पाऊण तास झाला होता.

निकाल सुंदर आला. इतकी स्वच्छ चित्रं आमच्या प्रयोगशाळेत कुणाची आली नव्हती. मार्गदर्शक बाईंनी पाठ थोपटली आणि विचारलं की या वेळी नाळ कुठली. मी म्हटलं, नेहमीच्याच ठिकाणची.

तान्ह्या पोराला जाळत नाहीत. भावानं त्याला ओढ्याच्या वरच्या अंगाला पुरलं. घरी परतल्यावर आई ओसरीत भिंतीला डोकं टेकून बसली, आणि दोन-तीन दिवस त्याच एका वाक्याभोवती फिरत राहिली, नाळ असती तर ऱ्हायला असता. चौथ्या दिवशी ती वहिनीकडे वळली.

"तुझ्यासमोर कापली ना? तू आई ना त्याची? मागून का न्हाय घेतलीस?"

वहिनीच्या अंगात ताप होता, छाती दुधानं दगड झाली होती. ती म्हणाली, "मी सही केली व्हती."

"कसली सही?" भावानं विचारलं.

"दवाखान्यात एक कागद व्हता. नाळ द्यायचा."

आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दोन हात अंतरावर तांब्या घेऊन उभी होते. तिनं वाक्य अर्धं सोडलं होतं आणि पुढचं अर्धं माझ्यासाठी ठेवलं होतं. मी तांब्या नेऊन जागेवर ठेवला.

पुढे जे झालं ते अशा घरात होतं तसंच झालं. पोटच्या पोराची नाळ लिहून देणारी. पांढऱ्या पायाची. आईला कुठेतरी त्या मातीची आठवण टोचत असणार, डॉक्टरानं विचारलं तेव्हाच टोचली असणार, आणि वड्याचं तेल वांग्यावर निघत होतं. वहिनीला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त तिनं भरलेलं पाणी आई प्यायची नाही. शेजारणी आल्या की बोलणं थांबायचं. भाऊ बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. वहिनी वाळत गेली, बोलेनाशी झाली, आणि एक दिवस स्वतःच म्हणाली, मला कशेळीला माहेरी सोडा. आई म्हणायला मोकळी, आम्ही कुठं घालवली, तीच गेली. महिन्याभरात आईनं दुसऱ्या मुली बघायला सुरुवात केली.

माझ्या तोंडातलं एक वाक्य तिला परत आणू शकलं असतं. ते मी रोज कशेळीवरून जाताना घोळवायचे. तिच्या माहेरचं घर पुलाच्या अलीकडे, खाली गाळे, वर राहायचं. पाच महिने मी त्या घरासमोरून गेले. भावाचं दुसरीकडे जमत आलंय असं कळलं, तेव्हा एकदाची उतरले.

ती गच्चीत सुकट निवडत बसली होती. मला बघून उठली नाही, पण पाट सरकवला. तिची आई पाणी ठेवून आत गेली.

"मी आज घरी सगळं सांगते," मी म्हटलं.

"सगळं काय?"

"नाळ मी नेली. तू कळा देत होतीस तेव्हा सही घेतली. आणि त्यानं काही झालं नाही, नाळेचा काही संबंध नाही. बाळ मातीनं गेलं. आईनं लावली त्या मातीनं."

तिचे हात थांबले. नाळेचं तिला ठाऊक होतं, मातीनं जीव गेल्याचं नव्हतं.

"मातीनं?"

"हो. जंतू असतात तिच्यात. बेंबीतून आत गेले."

"लावत व्हत्या तवा तुम्हाला ठावं व्हतं?"

मी खोटं बोलू शकले असते. आतापर्यंतचं बघता तेवढं कठीण नव्हतं. "हो," मी म्हटलं.

तिनं हातातली सुकट सुपात टाकली. मग म्हणाली, "मी तुमच्याकडं बघत व्हते, ताई. ती माती बघून मी हात पुढं करणार व्हते. पन म्हटलं, ताई हायत ना, येवढ्या शिकल्यात. वाईट असतं तं ताई जाऊ देत्या का? तुम्ही एकदा बोललाव न चपला घातल्या. म्हून मी लावू दिली."

खाली ट्रक हॉर्न देत होते. मला वाटलं ती रडेल, मग मलाही रडता येईल. ती रडली नाही. पुन्हा निवडायला लागली, डोकी एकीकडे, काड्या दुसरीकडे.

"आज सांगते मी," मी परत म्हटलं. "भावाला घेऊन येते. तो नेईल तुला."

"न्हाय सांगायचं."

"का?"

"मला न्हाय यायचं त्या घरात. न आईंना सांगितलंव तर त्या जीव देतील, आपल्या हातानं नातू मारला म्हून. न तुम्ही तेवढ्या मोकळ्या व्हाल." तिनं सूप झटकलं. "माझ्या नावानं शिव्या देतात ना अजून?"

"देतात."

"जेवताना?"

"हो."

"देऊ द्या. तुम्ही समोर बसून ऐकत जा. इसरू नका, रोज जेवायला घरीच जात जा."

मी उठले. तिनं जिन्यापर्यंतही सोबत केली नाही.

मी घरी आले तेव्हा आई चुलीपाशी तांदळाच्या भाकरी थापत होती. मी हातपाय धुऊन ताटावर बसले. तिनं भाकरी वाढली, कालवण वाढलं आणि नेहमीसारखं सुरू झालं. त्या अवदसेनं लिहून दिली नसती तर आज पोर आठ महिन्यांचं असतं, रांगत असतं इथं. बोलता बोलता तिनं डोळे पुसले, ताटात बघितलं, आणि मला म्हणाली, "तू जेव, बाय. तुझ्याच तोंडाकडं बघून जगत्ये मी. अजून घालू का आर्धी?"

"घाल," मी म्हटलं.